उपचार संपल्यावरचं काम: कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांना आधार देऊ पाहणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

कॅन्सरचे उपचार चालू असतात तोवर रुग्णाचा प्रत्येक आठवडा ठरलेला असतो. केमोची तारीख, रक्ततपासणी, रेडिएशनची वेळ, वॉर्डातल्या ओळखीच्या झालेल्या नर्स. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, "उपचार पूर्ण झाले, आता तीन महिन्यांनी दाखवायला या." घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येतात. ज्याच्यावर उपचार झाले तो मात्र गोंधळलेला असतो. हाताला सूज येतेय, ती चालायचीच का? हा थकवा किती दिवस राहणार? कामावर कधी जायचं? पाठ दुखली तर 'तो' परत आला असं समजायचं का? विचारायचं तर कोणाला?

हा लेख अशा माणसांसाठी काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे: सार्वजनिक आरोग्य खात्यात नव्याने आलेले, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्स, वैद्यकीय समाजसेवक, संस्थांचे कार्यकर्ते. माझं म्हणणं थोडक्यात असं, की उपचार संपताना प्रत्येकाच्या हाती दोन गोष्टी असायला हव्यात. आपल्यावर काय उपचार झाले ते सांगणारा एक कागद, आणि अडचण आली तर फोन करता येईल असा एक ओळखीचा माणूस. बाकीचं सगळं काम या दोन गोष्टींभोवती उभं राहतं.

कामाचा आवाका लक्षात यावा म्हणून एक आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कॅन्सरचं निदान झालं. मागच्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले लोक होते सुमारे ५ कोटी ३५ लाख. आजार शोधणं आणि त्यावर उपचार करणं यासाठी यंत्रणा उभ्या आहेत. या सव्वापाच कोटींहून जास्त लोकांच्या पुढच्या आयुष्याकडे बघायला बहुतेक ठिकाणी कोणी नेमलेलंच नाही.

पहिली पायरी: कोणासाठी काम करायचं ते ठरवा, आणि यादी करा

'बरे झालेले' एवढ्यांचीच यादी करू नका. निदान झालं त्या दिवसापासून पुढे आयुष्यभर त्या माणसाला धरायचं, ही व्याख्या आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे, आणि ती कामाला सोयीची आहे. फिट्झह्यू मुलन या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःला कॅन्सर झाला होता. १९८५ मध्ये त्यांनी या प्रवासाचे तीन टप्पे मांडले: निदान आणि उपचारांचा काळ, त्यानंतरचा धाकधुकीचा काळ, आणि आजार परतण्याची शक्यता बरीच कमी झाल्यावरचा दीर्घ काळ. तिन्ही टप्प्यांतल्या गरजा वेगळ्या असतात. शिवाय काही जण आजार पूर्ण न जाताही गोळ्यांवर किंवा इंजेक्शनांवर वर्षानुवर्षं जगतात. "कॅन्सरवर मात केलेल्यांचा मेळावा" असा फलक लावला की ही माणसं दारातूनच परत जातात.

यादी करायला कर्करोग नोंदणीचा उपयोग होतो, पण नोंदणीत मुख्यतः निदान लिहिलेलं असतं. आज तो माणूस कसा आहे हे तिथे सापडत नाही. म्हणून रुग्णालयाच्या फॉलो-अपच्या वहीपासून सुरुवात करा. मग तिच्यातून गळालेली नावं शोधा, कारण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते. फॉलो-अपला यायचं थांबलेला माणूस बहुधा लांब राहतो, पैशाने दमलेला असतो किंवा घाबरलेला असतो.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे पाळा. परवानगीशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, निरोप शेजाऱ्यांकडे ठेवायचा नाही, फोन दुसऱ्याने उचलला तर कशासाठी केला ते सांगायचं नाही. आपला आजार कोणाला सांगायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नोकरी, लग्न, घरातली जागा असं बरंच काही त्यावर अवलंबून असतं.

दुसरी पायरी: उपचारांचा सारांश लिहून घ्या

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ च्या अहवालात शिफारस केली होती, की उपचार संपताना प्रत्येक रुग्णाला झालेल्या उपचारांचा सारांश आणि पुढच्या देखभालीचा आराखडा लेखी द्यावा. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट अजूनही पुष्कळ ठिकाणी होत नाही. रुग्णाकडे रिपोर्टांची जाडजूड फाइल असते, पण तिचं सार सांगणारं एक पान नसतं.

त्या पानावर एवढं तरी असावं: कोणत्या अवयवाचा, कोणत्या प्रकारचा, कोणत्या टप्प्यातला कॅन्सर आणि निदानाची तारीख. कोणतं ऑपरेशन झालं, काय काढलं, लसिका ग्रंथी (काख, मान, जांघ अशा ठिकाणच्या छोट्या गाठी) काढल्या का. केमोतल्या प्रत्येक औषधाचं नाव, आणि काही औषधांची एकूण मात्रा. रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला, कोणत्या बाजूला, एकूण किती ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक). सध्या चालू असलेली औषधं आणि ती किती वर्षं घ्यायची. पुढच्या तपासण्या कोणत्या, किती दिवसांनी, कोणाकडे. आणि शेवटी, फोन कोणाला करायचा.

एकूण मात्रा कशाला हवी? डॉक्सोरुबिसिन आणि त्या गटातल्या औषधांची एकूण मात्रा जितकी जास्त, तितका हृदयाला धोका जास्त. त्रास उपचारानंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. दम लागतोय म्हणून हा माणूस पुढे एखाद्या साध्या दवाखान्यात गेला आणि हे औषध घेतल्याचं कोणाला माहीतच नसलं, तर डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत बसतील. ब्लिओमायसिन घेतलं असेल तर पुढच्या कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावं लागतं, कारण त्याचा परिणाम फुप्फुसांवर होऊ शकतो. जबड्याला रेडिएशन मिळालेल्या माणसाचा दात काढायचा तर दंतवैद्याला आधी कळायला हवं, नाहीतर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आणि लहान वयात किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. त्यांची दरवर्षीची स्तनतपासणी वयाच्या २५व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी, असं बालकर्करोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही मुलगी पंचविशीत येईपर्यंत रुग्णालय बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात. तिच्याजवळ उरतो तो कागदच.

म्हणून हे पान शेवटच्या केमोच्या आधीच भरायला घ्या. तुम्ही डॉक्टर नसाल तर ते स्वतः भरू नका. कोरा नमुना तयार ठेवा, डिस्चार्ज कार्डावरून दिसतं तेवढं पेन्सिलीने लिहा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून सही घ्या. डॉक्टरांना वेळ नसतो, ही खरी अडचण आहे. अर्धं भरलेलं पान समोर आलं की काम दहा मिनिटांत होतं. दोन प्रती काढा, एक रुग्णाकडे आणि एक त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. रुग्णाच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लहान मुलाच्या बाबतीत पालकांना सांगा, की मूल मोठं झाल्यावर हे पान त्याच्या हाती द्यायचं आणि समजावूनही सांगायचं. आईवडिलांनी जपून ठेवलं आणि मुलाला कधी सांगितलंच नाही, असंही होतं.

आणखी एक महत्त्वाचं. नंतरच्या चाचण्यांत, म्हणजे रुग्णांच्या गटांवर केलेल्या संशोधनांत, असं दिसलं, की नुसता कागद हातात दिल्याने माणसाचा ताण किंवा जीवनमान फारसं बदलत नाही. कागद समोर ठेवून कोणीतरी बसून बोलावं लागतं. म्हणून पुढची पायरी.

तिसरी पायरी: बसून बोला

"कसं वाटतंय?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "बरं आहे." जिवावरच्या दुखण्यातून वाचलो, आता थकव्याची काय तक्रार करायची, असं पुष्कळांना वाटतं. म्हणून नेमकं विचारा. रात्री झोप किती वेळा मोडते? गेल्या आठवड्यात कोणती कामं दुसऱ्याला सांगावी लागली? जेवताना घास अडकतो का? तळपायांना मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का? उपचारांसाठी कर्ज काढलंय का? पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की काय होतं?

शेवटचा प्रश्न विसरू नका. तपासणीच्या आधीचे पाच-सहा दिवस पुष्कळांना झोप लागत नाही, घरात चिडचिड होते आणि कारण कोणाला सांगता येत नाही. "हे बहुतेकांना होतं," एवढं ऐकूनही माणूस हलका होतो.

ताण मोजायला एक सोपं साधन जगभर वापरतात: कागदावर काढलेला ० ते १० आकड्यांचा थर्मामीटर. ० म्हणजे अजिबात ताण नाही, १० म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. मागच्या आठवडाभरात कुठे होतात, तिथे खूण करायला सांगायचं. सोबत अडचणींची यादी असते: झोप, पैसा, मुलं, भीती, दुखणं आणि असंच बरंच काही. आकडा ४ किंवा त्याहून जास्त आला तर पुढे चौकशी करायची आणि गरजेप्रमाणे समुपदेशकाकडे पाठवायचं. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर विषय बदलू नका आणि त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचाराची मदत मिळवून द्या. अशा वेळी कोणाला फोन करायचा हे तुमच्याकडे आधीच लिहिलेलं असायला हवं.

लैंगिक अडचणी, लघवीवरचा ताबा, स्टोमाची (पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी, मूल होईल की नाही, हे विषय जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या समोर निघत नाहीत. थोडा वेळ एकट्याशी बोला. आणि तुम्हीच विषय काढा, कारण समोरचा काढणार नाही.

मग घरात काळजी घेणारी व्यक्ती. तिलाही वेगळं विचारा: तुम्ही झोपता का? तुमच्या स्वतःच्या गोळ्या चुकल्या नाहीत ना?

चौथी पायरी: एक माणूस नेमून द्या

१९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जननी एक कार्यक्रम सुरू केला. गरीब वस्तीतल्या बायका स्तनाच्या कॅन्सरसाठी फार उशिरा येत होत्या. औषधांबरोबरच त्यांना हवं होतं कागदपत्रं, भेटीची वेळ, पैसे, भीती या सगळ्यातून हात धरून पुढे नेणारं कोणीतरी. अशी माणसं त्यांनी नेमली. त्या कल्पनेचा उपयोग आता उपचारांनंतरच्या काळासाठीही होतो.

तुमच्या कामात हा माणूस नर्स असेल, समाजसेवक असेल किंवा प्रशिक्षण घेतलेला, स्वतः या आजारातून गेलेला कार्यकर्ता असेल. 'आमच्या केंद्राचा नंबर' पुरत नाही. नाव हवं, फोन उचलण्याच्या वेळा हव्यात, आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा दुसरं कोण, तेही हवं. उपचार संपल्यावर पहिला फोन तुम्ही करा, तोही पहिल्या दोन आठवड्यांतच. समोरून फोन येण्याची वाट बघत बसलात तर येतो, पण पुष्कळदा त्रास हाताबाहेर गेल्यावर येतो.

पाचवी पायरी: शरीराच्या तक्रारी ओळखायला शिका

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील किंवा तिथे रेडिएशन दिलं असेल, तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. सुरुवातीला ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठी घट्ट होते, बाही रुतते, हात जड वाटतो. म्हणून शिवणकामाची टेप घेऊन दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराखाली, कोपराच्या वर, आणि मनगटापासूनचं अंतर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी मोजता येईल. पहिलं माप ऑपरेशनच्या आधी घेतलं तर उत्तम. फरक वाढताना दिसला की लगेच फिजिओथेरपिस्टकडे पाठवा; सुरुवातीला आटोक्यात आणणं सोपं जातं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

अशा बायकांना पूर्वी सांगायचे, "या हाताने आयुष्यभर वजन उचलू नका." २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं, की देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही. तरी जुना सल्ला अजून फिरतोय, आणि त्यापायी हात वापरायचाच सोडून दिलेल्या बायका भेटतात. त्यांना नवी माहिती सांगा आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायला लावा.

थकव्याबद्दलही असंच. "आराम करा" हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण सततच्या आरामाने थकवा वाढतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने व्यायामाचं प्रमाण सुचवलं: आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि केमोनंतर ज्यांना तीन वर्षं मार्गदर्शनासह व्यायाम करायला लावला, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के पाच वर्षांनंतर आजार न उलटता हयात होते. ज्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होतं. मला यातला 'मार्गदर्शनासह' हा भाग महत्त्वाचा वाटतो. पुस्तिका दोन्ही गटांना मिळाली होती. सुरुवात मात्र दहा मिनिटांनी करा. थकवा खूप असेल तर रक्त कमी आहे का, थायरॉइड ठीक आहे का, हे आधी डॉक्टरांना बघू द्या.

बाकीच्या तक्रारींची थोडक्यात ओळख. केमोमुळे हातापायांना बधिरता असेल तर पाय रोज तपासायचे, अंघोळीच्या पाण्याचा गरमपणा कोपराने बघायचा, अनवाणी चालायचं नाही. हार्मोन रोखणाऱ्या काही औषधांनी हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. विसराळूपणा, शब्द न आठवणं हे खरं असतं. त्याला आळस म्हणू नये.

तंबाखू सोडण्याचा विषय "आता काय उपयोग?" म्हणून टाळला जातो. उपयोग आहे. निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवलं तर मृत्यूचा आणि नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकी सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखांच्या, २०१४ च्या अहवालात आहे. दटावू नका, तंबाखूमुक्ती केंद्राशी जोडून द्या. लसींबद्दल एवढंच: केमो नुकतीच झाली असेल तर जिवंत विषाणूंच्या लसी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

सहावी पायरी: कोणी काय बघायचं ते वाटून घ्या

रुग्णाला वाटतं मोठे डॉक्टर सगळं बघतायत, मोठ्या डॉक्टरांना वाटतं रक्तदाब-साखर नेहमीचे डॉक्टर बघतायत, आणि नेहमीच्या डॉक्टरांना वाटतं कॅन्सरच्या रुग्णाला आपण हात न लावलेला बरा. यात दोन्हीकडचं राहून जातं. सारांशाच्या पानावर प्रत्येक तपासणीपुढे जबाबदार डॉक्टरचं नाव लिहा.

तपासण्या कमी पडतात तशा जास्तही होतात. स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार संपल्यावर काही लक्षणं नसतील, तर डॉक्टरांकडून नियमित तपासून घेणं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), एवढं बहुतेकींना पुरतं. दर खेपेला पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारं स्कॅन) किंवा ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी) करायची शिफारस नाही. भीतीपोटी केलेल्या तपासणीत पैसा जातो, आणि संशयास्पद ठिपका दिसला की पुढचे महिने जीव टांगणीला लागतो. मात्र नवी गाठ, काही आठवडे न थांबणारं दुखणं, कारण नसताना उतरणारं वजन, रक्त जाणं, वाढता दम, यांसाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ही लक्षणं पानाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापा.

सातवी पायरी: काम, पैसा आणि कायदा

कामावर परतताना पहिले काही आठवडे कमी तास, जड काम नको, फॉलो-अपसाठी रजा, एवढं डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'फिट' लिहिलेलं पत्र कोणाच्या उपयोगाचं नसतं. पत्रात आजाराचं नाव घालायचं की नाही, हे रुग्णाला विचारून ठरवा.

विमा आणि कर्जाच्या बाबतीत जुना आजार वर्षानुवर्षं आडवा येतो. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून उपचार संपल्यावर ठरावीक वर्षांनी, कर्जाशी जोडलेल्या विम्यासाठी जुना कॅन्सर सांगण्याची सक्ती काढून टाकली. सुरुवातीला ही मुदत १० वर्षं होती, २०२२ मध्ये ती ५ वर्षांवर आली. बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगालनेही असे नियम केले. जिथे असा कायदा नाही तिथे तो व्हावा म्हणून तुमच्याकडच्या नोंदी कामाला येतात: कोणाला कर्ज नाकारलं, काय कारण दिलं, हे नाव न लिहिता टिपत जा.

आठवी पायरी: मदतगट

मदतगट म्हणजे आजारातून गेलेल्यांनी एकत्र येऊन बोलायची जागा. त्याचे दोन नियम सुरुवातीलाच ठरवा. इथे कोणी कोणाला औषध सुचवणार नाही, आणि इथे काही विकलं जाणार नाही. हे पाळलं नाही तर काही महिन्यांत गटात चमत्कारी काढे आणि पावडरी फिरू लागतात. गट चालवणाऱ्याला प्रशिक्षण हवं, कारण गटातल्या एखाद्याचा आजार उलटतो तेव्हा बाकीचे सगळे हादरतात आणि त्या दिवशी काय बोलायचं हे आधी शिकलेलं असावं लागतं. पुरुष गोल करून बसून बोलायला कचरतात. चालण्याचा गट केला तर येतात आणि चालता चालता बोलतात.

नववी पायरी: मोजा, पण योग्य गोष्टी मोजा

किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली, हे आकडे अहवालात भरायला सोपे असतात. त्याऐवजी चारच मोजा. उपचार संपलेल्यांपैकी किती जणांना तीन महिन्यांच्या आत सारांशाचं पान मिळालं? ताणाचा आकडा ४ किंवा जास्त आलेल्यांपैकी किती जण समुपदेशकापर्यंत खरोखर पोचले? फॉलो-अप चुकलेल्यांपैकी किती जणांशी बोलणं झालं? आणि मदत सर्वांत कमी कोणाला मिळाली: लांबच्यांना, वृद्धांना, एकट्या राहणाऱ्यांना की आणखी कोणाला?

फोन करायच्या आधी यादी ताजी आहे ना ते बघा. गेलेल्या माणसाच्या नावाने तपासणीची आठवण करून देणारा मेसेज घरच्यांना जाता कामा नये. यासाठी यादी सांभाळायची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या.

वर्षातून एकदा हे आकडे आजारातून गेलेल्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्या चार-पाच जणांसमोर ठेवा, आणि पुढच्या वर्षी काय आधी करायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च द्या, बैठक सकाळी फार लवकर ठेवू नका, आणि दोन तासांच्या वर लांबवू नका.